बाबांच्या ठेवींचे पैसे आईच्या खात्यात आले, आता कर कोणी आणि कशावर भरायचा?

मृद्गंध (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरच्या १२ तारखेला माझे बाबा गेले. त्यानंतरचे दोन महिने कागद गोळा करण्यातच गेले. आता काही गोष्टी माझ्या एकटीच्या आवाक्याबाहेरच्या वाटतात, म्हणून इथे विचारते आहे.

बाबांच्या पाच एफडी होत्या. सगळ्यांवर आई नॉमिनी. मृत्युपत्र नाही. वारस आम्ही तिघं: आई, मी आणि धाकटा भाऊ, तो अमेरिकेत असतो. बाबांची एक लांबट वही आहे. प्रत्येक ठेवीला तिच्यात एक पान. वर नंबर, खाली मुद्दल, मुदत संपायची तारीख आणि दर ३१ मार्चला त्या वर्षाचं व्याज लाल शाईने. सगळ्यात मोठी ठेव १० लाखांची, ७.३ टक्क्यांची. बँकेने तीन ठेवी मोडून पैसे आईच्या खात्यात जमा केले. मोठी आणि आणखी एक अजून बाबांच्याच नावावर चालू आहेत.

तेराव्याला मामा आईला म्हणाला, "एवढी रक्कम एकदम खात्यात दिसली की तीस टक्के सरकार घेणार, तेवढे बाजूला काढून ठेव." तेव्हापासून आई रात्री उठून पासबुक काढून बसते. एक पैसा खर्च करत नाही. गुडघ्याचं ऑपरेशनही पुढे ढकललंय तिने.

बँकेत काउंटरवरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नॉमिनी त्या आहेत ना, मग पैसे त्यांचे आणि टॅक्सही त्यांचाच." हे बरोबर आहे का? तीस टक्के खरंच जातात का? आणि भावाला त्याचा वाटा पाठवला तर तिकडे कर लागेल का?

हिशेबनीस

मृद्गंधताई, वडिलांच्या जाण्याबद्दल वाईट वाटलं. आयुष्यभर लोकांची विवरणपत्रं भरून दिली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी आईंना आज रात्रीच सांगा: खात्यात जमा झालेल्या मुद्दलावर एक रुपयाही कर नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेला पैसा आपल्याकडे उत्पन्न धरलाच जात नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५६ मध्ये हे स्पष्ट आहे. रक्कम कितीही असो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदलतात, हे तत्त्व बदलत नाही. ऑपरेशनची तारीख घ्या.

"कर नाही" हे ऐकून लोक वही मिटून ठेवतात आणि खरी चूक तिथे होते. मी प्रत्येक अशीलाला एकच गोष्ट करायला सांगायचो: वडिलांच्या वहीत मृत्यूच्या तारखेपाशी एक रेघ ओढा. रेघेच्या आधी जे व्याज साठलं ते वडिलांचं उत्पन्न. रेघेवर जे शिल्लक होतं ते वारसांचं भांडवल, त्यावर कर नाही. रेघेनंतर त्या भांडवलाने जे कमावलं ते वारसांचं उत्पन्न, त्यावर कर आहे.

तुमच्या मोठ्या ठेवीवरच करून दाखवतो. १० लाखांवर ७.३ टक्के म्हणजे वर्षाला ७३,०००, रोजचे बरोबर २०० रुपये. (बँक तिमाही चक्रवाढ देते, तो फरक इथे सोडून देतो.) १ एप्रिल ते १२ नोव्हेंबर होतात २२६ दिवस, म्हणजे ४५,२०० रुपये वडिलांचे. उरलेल्या १३९ दिवसांचे २७,८०० तुमच्या तिघांचे, प्रत्येकी साधारण ९,२६७. वडिलांच्या वाट्याच्या ४५,२०० साठी त्यांचं शेवटचं विवरणपत्र भरावं लागेल, ते कायदेशीर वारस म्हणून तुमच्यापैकी कोणीतरी भरायचं.

त्यात एक दिलासा आहे. वर्ष अर्धवट राहिलं म्हणून करमुक्त मर्यादा अर्धी होत नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ते पूर्ण ४ लाख वडिलांना मिळतात.

एक विचारतो: वडील व्याज दरवर्षी दाखवायचे, की मुदत संपल्यावर एकदम? वरचा हिशेब त्यावर अवलंबून आहे. एकदम दाखवत असतील तर मागच्या वर्षांचं साठलेलं व्याजही कोणाकडे जातं ते पाहावं लागेल.

मृद्गंध

काका, खूप खूप आभार. आत्ताच आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पासबुक कपाटात ठेवून आली.

दरवर्षी दाखवायचे. वहीत प्रत्येक लाल आकड्यापुढे बारीक अक्षरात "वि.प.त घेतले" असं लिहिलंय. आजवर मला त्याचा अर्थ कळला नव्हता. विवरणपत्रात घेतले!

केळीचेपान

वाचनखूण साठवली. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही नेमकं हेच चुकलो. रेघ ओढलीच नाही. बँकेत मृत्यूचा दाखला दिला, पण दोन ठेवी "मुदत संपू दे मग बघू" म्हणून तशाच ठेवल्या. बँक दोन वर्षं सासऱ्यांच्याच पॅनवर टीडीएस कापत राहिली. गेलेल्या माणसाच्या पॅनवर पैसे जमा, आणि व्याज आमच्या विवरणपत्रात. तो टीडीएस आमच्याकडे वळवून घ्यायला किती अर्ज केले त्याचा हिशेब नाही. मृद्गंध, त्या दोन ठेवी आधी नावावर करून घे. सासऱ्यांनी दिलेला १५एच फॉर्मही (व्याजावर टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा) त्यांच्याबरोबर संपतो, तो पुढे चालत नाही. सासूबाईंचा नवा द्यावा लागला.

हिशेबनीस

केळीचेपान यांनी लिहिलंय ते अगदी खरं. सगळी कागदपत्रं पूर्ण असतील तर नॉमिनीचा दावा १५ दिवसांत निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो नम्रपणे पण लेखी दाखवा. तोंडी बोलण्यात महिने जातात.

आता काउंटरवरच्या बाईंचं उत्तर. ते अर्धंच बरोबर. बँकेच्या दृष्टीने पैसे नॉमिनीला दिले की तिची जबाबदारी संपली, एवढाच नॉमिनीचा अर्थ. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा विश्वस्त. मालक कोण, हे वारसाहक्काचा कायदा ठरवतो. शेअर आणि म्युच्युअल फंडाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते त्या रकमेचे हक्कदारच होतात.

म्हणजे ठेवींमध्ये तुमचा आणि भावाचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे. हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या वाट्याचे. (आजी हयात आहेत का? असतील तर वारस चार होतात. ही गोष्ट घरोघरी विसरली जाते.)

तुम्हा दोघांची इच्छा असेल की सगळं आईकडेच राहावं, तर तसं साध्या कागदावर लिहून सह्या करा. मुलांनी आईला दिलेली रक्कम नातेवाइकाची भेट, तिलाही कर नाही आणि त्यानंतरचं व्याज आईच्या उत्पन्नात. एकदा हे लिहिलं की पुढच्या व्याजाचे तीन तुकडे करायचे कष्ट वाचतात.

मृद्गंध

आजी नाही, ती २००९ मध्ये गेली. आम्हा दोघांनाही सगळं आईकडेच राहायला हवंय. भाऊ म्हणतो, फक्त एक ठेव, ज्यावर बाबांनी वहीत त्याचं नाव लिहिलंय, ती त्याला पाठव. रक्कम फार नाही.

पाणंद

छान चर्चा. माझ्याकडून एक भर: घर किंवा शेअर वारशात मिळाले तर मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत ही तुमची खरेदी किंमत धरतात. मग लगेच विकलं तर नफा शून्य, कर शून्य. एका व्हिडिओत नीट समजावलं होतं.

हिशेबनीस

पाणंद, कृपया हे कोणी तसं करू नये. तो व्हिडिओ अमेरिकेच्या कायद्याचा असणार. तिकडे तशी तरतूद आहे. भारतात वारसाला मूळ मालकाची किंमत मिळते आणि मूळ मालकाचा कालावधीही मिळतो. १९८९ मध्ये वडिलांनी १ लाख ८० हजारांना घेतलेला फ्लॅट असेल, तर तुमची खरेदीही १९८९ ची. मालमत्ता १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्यास त्या दिवसाचं मूल्यांकन घेता येतं. समजा ते ६ लाख आलं आणि आज फ्लॅट ७५ लाखांना विकला, तर नफा ६९ लाख. २३ जुलै २०२४ नंतरच्या दराने त्यावर १२.५ टक्के, म्हणजे ८ लाख ६२ हजार ५०० आणि वर अधिभार व उपकर. "नफा शून्य" समजून विकणाऱ्याला हा केवढा धक्का असेल ते बघा.

घर वारशाने मिळतं तेव्हा कर नाही, विकताना आहे. वारस तिघं असतील तर प्रत्येकाचा नफा वेगळा आणि दुसरं घर घेऊन किंवा रोख्यांत गुंतवून मिळणारी सवलतही प्रत्येकाला वेगळी.

पाणंद

काका, आभार. मी स्वतः पुढच्या महिन्यात वडिलोपार्जित फ्लॅटचा व्यवहार करणार होतो, हीच आकडेमोड धरून. आजच मूल्यांकनकाराला फोन करतो. वरचा प्रतिसाद तसाच ठेवतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला चूक कुठे झाली ते दिसेल.

आजोळ

गावाकडच्या जमिनीचं काय? भावकीत एकाने हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा दिला आणि त्याचे पैसे घेतले.

हिशेबनीस

फुकट हक्क सोडला तर सोडणाऱ्याला कर नाही. पैसे घेतले तर ते हस्तांतर झालं, नफ्यावर कर येऊ शकतो. पण जमीन शेतीची आणि शहराच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराबाहेरची असेल तर ती भांडवली मालमत्ताच मानत नाहीत, मग त्या पैशावर कर नाही. अंतर शहराच्या लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर आहे. मोजून घ्या.

सातासमुद्रापार

मृद्गंध, तुझ्या भावासारखाच मी. २०२१ मध्ये आई गेली तेव्हा हे सगळं केलंय.

अमेरिकेत केंद्राचा इस्टेट टॅक्स असतो, पण तो गेलेल्या माणसाच्या इस्टेटीवर, घेणाऱ्यावर नाही. तुझे बाबा तिथले रहिवासी नव्हते आणि त्यांचा पैसा भारतात होता, म्हणजे तो प्रश्नच नाही. पण एका वर्षात परदेशातून १ लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळाला तर ३५२० नावाचा फॉर्म भरावाच लागतो. कर शून्य, नुसती माहिती. पण भरला नाही तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत चढतो. माझ्या ओळखीत एकांनी "कर नाही तर फॉर्म कशाला" म्हणून सोडला आणि पुढे तीन वर्षं पत्रव्यवहार करत बसले. तुमची एक ठेव त्या मर्यादेच्या खूप खाली असेल, पण आणखी काही मिळणार असेल तर वर्षाची बेरीज बघायची.

भारतातून पैसे निघतात एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाच्या इथल्या खात्यातून. वारशाचे पैसे आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. बँक पैसे बाहेर पाठवत असल्याची माहिती देणारा फॉर्म मागते (माझ्या वेळी १५सीए) आणि बहुतेक वेळा सीएचं प्रमाणपत्रही (माझ्या वेळी १५सीबी). मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा आधीच जोडला तर काम एका खेपेत होतं. पैसे काही महिने एनआरओ खात्यात राहिले तर त्या व्याजावर भारतात ३० टक्के टीडीएस कापतात. मुद्दलावर नाही, फक्त व्याजावर. तिकडे एफबीएआर म्हणून परदेशी खात्यांची नोंद असते, सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की तीही करायची.

अवांतर, पण भारतातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून: भारतात राहून थेट अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेत असाल तर उलटा प्रकार होतो. परदेशी माणसाला तिथल्या इस्टेट टॅक्समधून सूट फक्त ६०,००० डॉलरची. त्यावरच्या शेअरांवर वारसांना तिकडे कर भरावा लागतो, वरचा दर ४० टक्के. भारतात वारसा कर नाही म्हणून निर्धास्त राहू नका, मालमत्ता कोणत्या देशात आहे ते बघा.

मृद्गंध

"व्याजावर ३० टक्के." मामाच्या तीस टक्क्यांचा उगम मला आत्ता सापडला! त्याचा मुलगा दुबईत आहे आणि मामाच त्याचं एनआरओ खातं बघतो. मामाने तिथला कापलेला आकडा बघून आईला सांगितलं असणार. तो मनाने चांगलाच आहे, काळजीपोटी बोलला. आज संध्याकाळी त्याला फोन करते.

रेघोटी

माझ्या माहितीप्रमाणे भारतातही वारसा कर होता ना? आई म्हणते, तिच्या आजोबांच्या वेळी भरला होता.

आजोळ

होता. १९५३ च्या कायद्याने आलेली इस्टेट ड्यूटी. माझ्या आजोबांच्या निधनानंतर वडील आणि काका महिनाभर दिवाणखान्यात सतरंजीवर बसून यादी करत होते, ते मी लहानपणी पाहिलंय. घर, शेअर, दागिने, कोणाला उसने दिलेले पैसे, सगळं. प्रत्येक आकड्यावर कचेरीत वाद. आजोबांसाठी रडायला आम्हा मुलांना मोकळीक होती, मोठ्यांना नव्हती. त्या काळी सगळ्यात वरच्या टप्प्याला, म्हणजे २० लाखांवरच्या भागाला, दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना तो कर उठला. वसुली २० कोटींच्या आसपास आणि ती करण्याचा खर्च त्या मानाने फार, असं कारण त्यांनी संसदेत दिलं होतं. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना तो लागत नाही.

रेघोटी

पण मग मला एक मनापासून वाटतं ते लिहू का? कोट्यवधी रुपये नुसत्या जन्मामुळे मिळतात, त्यावर काहीच नाही, आणि महिन्याच्या पगारातून मात्र कर कापला जातो. ब्रिटनमध्ये ३ लाख २५ हजार पौंडांच्या वरच्या भागावर ४० टक्के आहे, जपानमध्ये वरचा दर ५५ टक्के. मर्यादा खूप वर ठेवून आपल्याकडेही असायला हरकत नसावी.

केळीचेपान

रेघोटी, मला पटत नाही. तू सांगतेस ती मर्यादा कुठेच टिकत नाही. ब्रिटनचा तो ३ लाख २५ हजारांचा आकडा २००९ पासून हललेला नाही आणि घरांच्या किमती मात्र वाढत गेल्या. सुरुवातीला फक्त श्रीमंतांसाठी असलेला कर हळूहळू साध्या घरापर्यंत येतो. आणि तो मोजायचा कधी? घरात माणूस गेलेलं असताना. आजोळ यांनी लिहिलेली ती सतरंजी मी विसरू शकत नाही.

रेघोटी

तो मुद्दा मान्य. कर मृत्यूच्या आठवड्यात मोजू नये, सवड द्यावी. पण तत्त्व म्हणून मी माझ्या मतावर आहे. वेगळा धागा काढते, इथे मृद्गंधचं काम अडायला नको.

पाऊलवाट

विचारायला संकोच वाटतो, पण आमच्या घरची गोष्ट. काकूंना मूल नव्हतं. शेवटची सहा वर्षं त्यांची देखभाल करणाऱ्या ताईंना त्यांनी मृत्युपत्रात ३ लाख ठेवले. त्या ताई कोणत्याच नात्याने नातेवाईक नाहीत. कोणीतरी सांगितलं की नातेवाईक नसलेल्याकडून ५०,००० च्या वर मिळालं तर सगळ्यावर कर. त्या बिचाऱ्या घाबरल्या आहेत.

हिशेबनीस

५०,००० चा नियम जिवंतपणी दिलेल्या भेटीचा. मृत्युपत्राने मिळालेल्या रकमेला नात्याची अट नाही. त्यांचे तीन लाख पूर्ण त्यांचे. मृत्युपत्राची एक प्रत, मृत्यूचा दाखला आणि पैसे ज्या खात्यातून आले तो उतारा एका पाकिटात घालून त्यांना द्या आणि सांगा, हे पाकीट जपून ठेवा. पुढे कधी विचारणा झाली तर तेच उत्तर आहे.

हे सगळ्यांसाठीच सांगतो. मोठी रक्कम खात्यात आली, त्याची एफडी केली, तर बँकेकडून त्याची माहिती आयकर विभागाकडे जाते आणि तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे विभागाच्या पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसते. "हा पैसा कुठून आला" असं पत्र आलं तर घाबरायचं कारण नाही, फक्त कागद हवेत. मी पाहिलेल्या प्रकरणांत खरा वारसा असूनही लोक अडकले ते कागद नसल्यामुळे. विशेषतः कपाटात सापडलेली रोकड. वडिलांची बचत हे शंभर टक्के खरं असतं, पण सिद्ध कसं करणार? त्यांच्या खात्यातून काढल्याच्या नोंदी, शेती किंवा पेन्शनचं उत्पन्न, जे असेल ते शोधून ठेवा आणि मगच बँकेत भरा.

झुळूक

काका, माझाही एक प्रश्न. माझ्या नवऱ्याला त्याच्या वडिलांचे पैसे मिळाले. माझं उत्पन्न नाही म्हणून तो ते माझ्या नावावर ठेवणार आहे, म्हणजे व्याजावर कर लागणार नाही.

हिशेबनीस

लागेल, आणि त्याच्याच उत्पन्नात. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. सुनेला दिलेल्याचंही तसंच, देणाऱ्याच्या उत्पन्नात. आई-वडिलांना दिलं तर मात्र मिळवत नाहीत, म्हणून मृद्गंधताईंचं काम सोपं आहे. सासऱ्यांनी मृत्युपत्र करून थेट तुम्हाला ठेवले असते तर ते तुमचे झाले असते, व्याजही तुमचं. आता ते शक्य नाही.

दिवेलागण

थोडं वेगळं. वडिलांवर आयकराची २०१९ ची जुनी थकबाकी निघाली आहे, नोटीस त्यांच्याच नावाने आली. ते दोन वर्षांपूर्वी गेले. माझा पगार जप्त होईल का?

हिशेबनीस

नाही. मृताच्या कराची जबाबदारी वारसावर येते, पण जेवढी मालमत्ता वारशात मिळाली तेवढ्यापुरतीच. तुमच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. एक सांभाळा: थकबाकी माहीत असताना वारशातली मालमत्ता विकून टाकली, तर तेवढ्या रकमेपुरते तुम्ही स्वतः जबाबदार होता.

नोटीस मृत व्यक्तीच्या नावाने काढली असेल तर ती वैध नाही, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलंय. तरी गप्प बसू नका. पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करा आणि मृत्यूचा दाखला जोडून लेखी कळवा.

मृद्गंध

किती लोकांचे प्रश्न सुटले इथे! आता पुढे काय केलं ते लिहिते.

आईचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, आता जिना चढते. दोन्ही ठेवींचं काम लेखी पत्र दिल्यावर बारा दिवसांत झालं. मोठी आईच्या नावावर, दुसरी भावाच्या एनआरओ खात्यात. "आम्ही दोघं उरलेला आमचा वाटा आईला देत आहोत" असा एका पानाचा कागद केला, त्यावर भावाने सुट्टीत आल्यावर सही केली. आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. त्यावर कर असतो, पण एक तृतीयांश किंवा २५,००० यातली जी रक्कम कमी ती नव्या पद्धतीत वजा मिळते, हे काकांनी निरोपातून सांगितलं.

मग बाबांचं शेवटचं विवरणपत्र. पोर्टलवर माझी वारस म्हणून नोंदणी मंजूर व्हायला आठवडा लागला. बाबांचा पॅन, माझा पॅन, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा एवढंच मागितलं. बाबांचं वर्षाचं उत्पन्न मर्यादेच्या आतच होतं, पण एका ठेवीवर टीडीएस कापला गेला होता. म्हणजे परतावा येणार.

व्याजाचे आकडे भरताना एआयएस उघडून बाबांची वही शेजारी ठेवली होती. सप्टेंबरअखेरचा आकडा त्यांनी पेन्सिलने लिहून ठेवला होता, मार्चला लाल शाईने पक्का करायचा म्हणून. पाचही ठेवींचे आकडे रुपयाला रुपया जुळले. विवरणपत्र पडताळून झाल्यावर मी लाल पेन घेतलं, पाचही पानांवर १२ नोव्हेंबरपर्यंतचं व्याज पक्कं केलं, काकांनी सांगितलेली रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, "वि.प.त घेतले."

आता एकच राहिलंय. बाबांचा पॅन परत करायचा असतो ना, तो अर्ज लगेच देऊ का?

हिशेबनीस

ताई, आत्ता देऊ नका. परतावा तुम्ही वारस म्हणून दिलेल्या खात्यात जमा होईल, पण विवरणपत्राची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत पॅन चालू असू द्या. बँक, डीमॅट, विमा यातलं एकही खातं त्या पॅनवर उरलेलं नाही ना, तेही एकदा बघा. मग मृत्यूचा दाखला जोडून त्यांच्या विभागाच्या कर निर्धारण अधिकाऱ्याला पत्र द्या आणि पोच घ्या.

वही मात्र जपून ठेवा.